गोदूकाकूंची हस्तिदंती सुई

दोरा कसा आहे हे गोदूकाकू नाकाने ठरवायच्या. धारच्या बाजारात दुकानदाराने विलायती रीळ पुढे केलं की त्या ते हुंगायच्या आणि लगेच पदर तोंडाला लावायच्या. "भिया, इसको चरबी का वास आता है, दूसरा बताओ," असं त्यांचं हिंदी. गिरणीच्या सुताला लावलेल्या खळीत ढोराची चरबी असते असं त्या वेळी घरोघर बोललं जाई, आणि काकूंना तर ते नुसतं आठवलं तरी मळमळायचं. नाइलाजाने घेतलेलं सूतही त्या रिठ्याच्या पाण्यात इतकं धूत, की त्याची सगळी तकाकी जाई. मला त्या प्रकाराचा भारी वैताग यायचा.

त्या आमच्या शेजारच्या. यजमान दरबारात कारकून. माझं लग्न देवासला ठरलं तेव्हा रुखवतात मांडायचं क्रोशाचं विणकाम माझ्याकडून करून घ्यायचं, हे आईने त्यांच्यावर सोपवलं. मी शाळेच्या मडमेकडून नमुन्यांचं पुस्तक आणलं. त्यात ससे, होड्या, कुत्री. नैवेद्याच्या ताटावरच्या रुमालासाठी मला त्यातलं झुपकेदार शेपटीचं कुत्रं फार आवडलं होतं.

"देवाच्या जेवणावर कुत्रं बसवतेस, ठके? शिसारी कशी येत नाही तुला?" काकू म्हणाल्या. मग त्यांनी ओसरीवर रांगोळीचे ठिपके काढले, त्यातून कमळ उभं केलं, आणि पाकळी येईल तिथे भरीव घर, मोकळं असेल तिथे जाळी, असं मला शिकवलं. कमळ, शंख, गोपद्म, माझं सगळं रुखवत त्या ओसरीवरून उचललेलं. खरं सांगते, त्या कुत्र्यापेक्षा ते कितीतरी देखणं होतं.

त्यांची एक खोड मात्र मला बघवत नसे. घरं मोजताना काकू क्रोशाची सुई दातांत धरत. पांढरी, गुळगुळीत, थुंकीने चकचकणारी ती सुई लुगड्याला पुसून माझ्या हातात देत आणि वर म्हणत, "हस्तिदंती आहे हो. भावाने महूच्या छावणीतून आणलीय. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी." शी! मी ती पदराच्या टोकाने धरायची. लांबून चरबी ओळखणाऱ्या या बाईला स्वतःची लाळ कशी चालते, हे मला कोडंच होतं.

लग्नाच्या दिवशी देवासची मंडळी रुखवत बघायला आली. रुमालाचा एक कोपरा राहिला होता, तो काकू तिथेच बसून पुरा करत होत्या. मुलाच्या आत्याने त्यांच्याकडून सुई मागून घेतली आणि उजेडाकडे धरून फिरवली.

"हस्तिदंताला असे बारीक काळे ठिपके नसतात," त्या म्हणाल्या. "हे हाड आहे. ढोराचं."

काकूंनी सुई परत घेतली, नाकाशी नेली, आणि तोंडावर हात दाबून मागच्या दारी धावल्या. त्यांच्या ओकाऱ्या मांडवापर्यंत ऐकू येत होत्या. इकडे सासूबाई आईला विचारू लागल्या, की ढोराच्या हाडाने विणत बसलेली मुलगी आमच्या देवघरात कशी शिरणार. वऱ्हाड परत न्यायची भाषा सुरू झाली. वडील नुसते हात जोडून उभे.

काकू डोक्यावरून पाणी घेऊन तशाच ओलेत्या आत आल्या आणि सगळ्यांदेखत सासूबाईंपुढे बसल्या. "सुई माझी, निवड माझी. हाड माझ्या दातांत होतं, पोरीच्या नाही. प्रायश्चित्त मला सांगा, तिला नको." मग त्यांनी कमळं, शंख, गोपद्मं, सगळं आपल्या हातांनी टोपलीत भरलं आणि तळ्यात सोडायला पाठवून दिलं. तेव्हा कुठे लग्न लागलं. माझं काम टोपलीत पडताना नाकाला पदर लावून बघणाऱ्या त्या बायकांची मला जी किळस आली, ती आजही गेलेली नाही. त्यांच्याच घरात मला नांदायचं होतं.

पहिल्या दसऱ्याला सासूबाईंनी मामंजींचा दरबारी डगला माझ्यापुढे टाकला आणि नवी बटणं लावायला सांगितली. मी बटणं उजेडाकडे धरली. पांढरी, गुळगुळीत, आणि त्यांवर तेच बारीक काळे ठिपके. जुनी बटणंही तसलीच. तो डगला घालून मामंजी टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेले आणि सासूबाईंनी त्यांना कौतुकाने ओवाळलं.

पुढे माहेरपणाला धारला गेले तेव्हा कळलं, की काकूंनी विणणंच सोडलंय. मी देवासच्या तांबटाकडून एक पितळी सुई मुद्दाम करून नेली होती. काकूंनी ती हुंगली आणि बाजूला ठेवली. "नको गं. हातात धरली की तोंडाला तीच चव येते." मग मी त्यांना बटणांची हकिकत सांगितली. देवीच्या दर्शनाची, ओवाळण्याची, सगळी.

काकूंनी विचारलं, "लावायच्या आधी रिठ्याने धुतलीस ना?"

"नाही. तशीच लावली. चांगली घट्ट."

काकू हसल्या. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. मग माझ्या पिशवीतलं रीळ ओढून घेतलं, हुंगायचं विसरून साखळी घातली, दोन ओळी विणल्या, आणि घरं मोजता मोजता पितळी सुई दातांत धरली.