चौथी हाक

माझा भाऊ कोर्टात पुकारा करतो. तिसऱ्या मजल्यावर, दाराशी उभं राहून. सव्वीस वर्षं हेच काम. कागदावरचा नंबर वाचायचा आणि "हाजिर व्हा" म्हणून तीन हाका मारायच्या. तीन हाकांत माणूस आत आला नाही, की त्याचं प्रकरण गेलं. काम एवढंसं, पण दादाचा तोरा बघा! घरीसुद्धा जेवायला तीनदाच हाक मारतो. वहिनी म्हणते, "यांच्या घशात देवाने आवाज घातला आणि डोक्यात मोजपट्टी."

"आत साहेब काय निकाल देतात ते मला ठाऊक नाही," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "पण माझ्या हाका रावाला तीन आणि रंकालाही तीनच." मग ठरलेली गोष्ट. एका बड्या बिल्डरचा माणूस कानाशी लागला, शेठ खाली गाडी लावतायत, जरा दमानं पुकारा. दादा काही थांबला नाही. शेठचं प्रकरण गेलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की झोपेतही सांगेन. पण आठ दिवसांत शेठच्या वकिलाने तेच प्रकरण पुन्हा उघडून घेतलं, हे दादा कधी सांगत नाही.

मी कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीला होते. फरशीवर साबणाचं पाणी साचतं म्हणून कितीदा सांगितलं, कोणी ढुंकून बघितलं नाही. शेवटी मीच घसरले. गुडघ्याचा चुरा झाला आणि मालकाने "निष्काळजी बाई" म्हणत मलाच कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला बसून घड्या घालायचं काम द्या, एवढंच माझं मागणं. त्यासाठी कोर्टात गेले, तर प्रकरण नेमकं दादाच्या दारात आलं.

तारखेला लिफ्टपाशी गेले. पाटी होती: फक्त न्यायाधीश व वकील यांच्यासाठी. मालकाचा वकील माझ्यादेखत वर गेला. मी काठी टेकत जिना धरला. दुसऱ्या मजल्याच्या पुढे वळणावर होते तेव्हा माझा नंबर ऐकू आला. "आले रे दादा!" मी ओरडले. दुसरी हाक आली. आणखी चार पायऱ्या चढले. मान वर केली तर दादा कठड्याशी उभा, माझ्याकडेच बघतोय! आणि या महाराजांनी सरळ तिसरी हाक मारली. मी धापा टाकत दारात पोचले तेव्हा साहेबांच्या हातात दुसऱ्याचा कागद होता.

घरी मी त्याला फाडून खाल्लं. "आत जाऊन 'जिन्यावर आहे' एवढं सांगायला तुझी जीभ झिजली असती का रे?"

"अगं, शेठसाठी थांबलो नाही, मग तुझ्यासाठी कसा थांबू? तीन हाका सगळ्यांना सारख्या."

"सारख्या? डोंबल सारख्या! त्याला लिफ्ट आणि मला जिना, मग हाका मोजून काय उपयोग?"

दादा ताटावरून उठला. वहिनीने आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला.

माझं प्रकरण पुन्हा उघडायला अकरा महिने लागले. या खेपेला मी फाटक उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले. बसत, उठत, शिव्या घालत जिना चढले आणि पहिल्या बाकावर बसले. दादाने माझा नंबर पुकारला, मी पहिल्याच हाकेला उभी. मग कारखान्याचा पुकारा. एक. दोन. तीन. मालक नाही, वकीलही नाही! नियम म्हणजे नियम, आता त्यांचं गेलं, नोकरी माझी.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकलेत, निरोप आलाय. पुढची तारीख द्या."

निरोप! मग मी जिन्यावरून बोंबलत होते ते काय होतं?

मी दाराकडे बघितलं. दादाचे कान लाल झाले होते. तो जिन्याकडे वळला आणि त्याने कारखान्याच्या नावाने चौथी हाक मारली. अशी मारली की खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली.

"काय चाललंय?" साहेब कडाडले.

"साहेब, सव्वीस वर्षांत चौथी हाक कोणाला मारली नाही. या माझ्या बहिणीलासुद्धा नाही. नियम बदलला असेल तर मला आधी सांगायला हवं होतं."

मला चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली आणि संध्याकाळच्या आत त्याला कारणे दाखवा नोटीस. उतरताना त्याने मला खांद्याचा आधार दिला. माझा राग काही उतरत नव्हता.

"बावळटा," मी म्हटलं, "ही हाक माझ्या वेळी मारायची होतीस."

"हो गं," दादा म्हणाला. तीन पायऱ्या उतरल्यावर पुन्हा म्हणाला, "हो."