नकाशावरचे क्रॉस

सहा महिन्यांसाठी म्हणून परदेशी, मुलाकडे स्कोफिल्ड्सला आले. मग विमानं बंद झाली आणि दुसरं वर्ष लागलं. मुलगा जेवणाच्या टेबलावरच ऑफिस करायचा, म्हणून मी लसूण सोलायला गॅरेजमध्ये बसायचे.

ऑफिसला जायचंच नाही तर शहरात कशाला राहायचं, असं मुलाच्या आणि सुनेच्या मनात आलं. तासाभरावर एका नदीकाठी दोन प्लॉट होते. एक टेकडीवर, जुन्या कबरस्तानाला लागून. दुसरा खाली, नदीजवळ. टेकडीवरच्याला सुनेने ऐकूनच नको म्हटलं. सकाळी चहा पिताना कबरी कोण बघेल, असं मुलगाही म्हणाला. शुक्रवारी खालच्या प्लॉटच्या सह्या ठरल्या.

एजंटने हौसेने त्या भागाच्या शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशाची प्रत दिली होती. ती टीपॉयवर पसरून कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. मला इंग्रजी येत नाही. मुलाने सांगितलं, तपकिरी रेघा म्हणजे चढ, काळे चौकोन म्हणजे घरं, क्रॉस म्हणजे कबरी. नंतर दोन दिवस मी येता-जाता बघत राहिले. घरं सगळी चढावर. क्रॉसही चढावर. खाली नदीच्या वळणात नुसता कोरा कागद.

माझं माहेर नदीकाठचं. आमचं स्मशान घाटाला लागून. पूर आला की आधी ते बुडतं, आणि गेलेला माणूस देवळाशेजारच्या पत्र्याखाली पाणी उतरायची वाट बघतो. राख शेवटी नदीतच जायची असते, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

विचारल्याशिवाय मी या घरात बोलत नाही. गुरुवारी जेवताना बोलले.

“हे लोक माणूस पुरतात. पुरलेला वाहून जाऊ नये म्हणून वर नेला असणार. जिथे मेलेल्याला ठेवायची त्यांना भीती वाटली, तिथे तुम्ही दोघं झोपणार?”

सून म्हणाली, “आई, नकाशा शंभर वर्षं जुना आहे.”

मी तिला वरण वाढलं. मुलगा उष्ट्या हाताने उठला आणि नकाशावर डाव्या हाताचं बोट फिरवत बसला. त्याचं वरण गार झालं.

शुक्रवारी सह्या झाल्या नाहीत. महिन्याने झाल्या, टेकडीवरच्या प्लॉटच्या.

इकडे मार्चमध्येही धो धो पाऊस पडतो; नदीला पाणी आलं. ओसरायला लागल्यावर आम्ही प्लॉट बघायला गेलो. खाली एजंटच्या पाटीचं फक्त टोक दिसत होतं. सून कबरस्तानाच्या कुंपणाला टेकून बराच वेळ तिकडे बघत होती.

“शेजार शांत आहे, आई,” ती म्हणाली.