काकांच्या लग्नातला आहेर

बायकोचा छातीचा कॅन्सर बरा होऊन चौथं वर्ष चालू होतं, तेव्हा डॉक्टरांनी कॅन्सर परतू नये म्हणून चालू असलेली तिची रोजची गोळी दोन वर्षांपुरती थांबवायला परवानगी दिली. केमो सुरू होण्याआधी तंजावरच्या एका दवाखान्यात आम्ही तीन गर्भ गोठवून ठेवले होते. मूल हवं असेल तर या दोन वर्षांत. नंतर गोळी पुन्हा सुरू. ती सदतीस वर्षांची होती, मी त्रेचाळीस. गर्भ पोटात ठेवायच्या एका खेपेचा खर्च औषधं आणि जाण्यायेण्यासकट दीड लाखाच्या आसपास येत होता, आणि दोन खेपांची तयारी ठेवूनच या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे तीन लाख. माझ्याजवळ बत्तीस हजार होते.

मी कुंभकोणमला एका भांड्यांच्या दुकानात हिशेब पाहतो, ती शाळेत शिकवते. बाकीचं सगळं आजारात गेलं होतं. तिचे दागिने बँकेत गहाण होते आणि नवं कर्ज काढलं तर पगारातून हप्ता निघत नव्हता.

मदत कुठे मिळते ते पाहून झालं. विमा कंपनीने कळवलं की हा आजार नाही. कॅन्सरच्या रोग्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेने विचारलं, रोगी आता बरा आहे ना? बरा आहे म्हटल्यावर त्यांचं काम संपलं. इंटरनेटवर लोकांकडून वर्गणी गोळा करून देणारी एक कंपनी तयार झाली, पण त्यांना बायकोचे केस गेले होते तेव्हाचा फोटो हवा होता. ती नाही म्हणाली. मीही आग्रह केला नाही. तिला कॅन्सर झाला होता हे आमच्या नात्यात फार थोड्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांना ‘ऑपरेशन’ एवढंच सांगितलं होतं.

माझे काका-काकू मेलकावेरीला राहतात. त्यांना मूल नाही. रविवारी आम्ही जातो, तसे गेलो आणि हे सगळं बोलणं झालं. काका त्या वर्षी ऐंशी पुरे करणार होते. सहस्रचंद्रदर्शन करायचं का, असं मी आदल्या वर्षी विचारलं होतं, तेव्हा पोट भरलेल्यांना जेवण घालायची हौस नाही म्हणाले होते. या खेपेला त्यांनी स्वतःच विषय काढला.

“माझं सहस्रचंद्रदर्शन कर. आहेर तुम्ही घ्या.”

आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत या समारंभात म्हातारा नवरा म्हाताऱ्या बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधतो. सगळं मुलांनी करायचं असतं आणि आलेला आहेर त्यांच्याकडेच जातो. काकांना मुलगा नसल्यामुळे तो मान माझा होता. आहेर, ज्याला इथे सगळे मोय म्हणतात, ही देणगी नव्हे. कोणी किती दिलं ते लिहून ठेवतात आणि त्याच्या घरच्या कार्यात थोडी भर घालून परत करतात. काका पन्नासेक वर्षं लोकांच्या लग्नामुंजीत घालत आले होते, माझे वडीलही. आमच्या घरात मात्र माझ्या लग्नानंतर एकही कार्य झालं नव्हतं. म्हणजे लोकांकडून येणं होतं, पण कार्याशिवाय ते मागता येत नाही.

जेवणावळीचा खर्च कोण करणार, असं मी विचारलं. आपल्या तेराव्यासाठी ठेव ठेवली आहे, ती मोडू, असं काका म्हणाले. “जेवायला येणारे तेच. निदान कोण किती खातं ते मला दिसेल.”

काकू शेवग्याची पानं निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी नवस होते. गोठवून ठेवणं नव्हतं.” मग साडी नऊवारीच घेणार, असं त्यांनी सांगून टाकलं आणि बोलणं ठरल्यासारखं झालं.

मला एक अडचण दिसत होती. लोक काकांच्या नावाने देणार आणि पैसा जाणार दवाखान्यात. कोणी विचारत नसतं हे खरं, तरी देणाऱ्याला ठाऊक असायला हवं असं माझं म्हणणं होतं. काकांना ते पटलं नाही. मोय घेतल्यावर लोक गाय घेतात, मोटारसायकल घेतात, ते कोणाला सांगायला जातात का? मी अडून राहिलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, “सांगायचं तर माझं मी सांगीन. तुम्ही कोणाकडे बोलू नका.”

पापनाशमला माझ्या एक आत्या आहेत. त्यांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तंजावरला पोचते. बायको एकटी त्यांच्याकडे गेली, सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली की ही गोष्ट कोणालाही सांगू नका. परत येऊन ती हसत होती. चार दिवसांत दुकानात माझ्या समोर बसणाऱ्यालासुद्धा ठाऊक झालं.

समारंभ छोट्या मंडपात झाला. एकशे चाळीस पानं उठली. मंगळसूत्राची गाठ काकांच्या हातून दोनदा सुटली, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं की नवरदेव घाबरलाय. आत्यांनी उत्तर दिलं, “घाबरेल नाही तर काय? ऐंशीव्या वर्षी लग्न, आणि नातवाची घाई.” सगळे हसले. बायको काकूंच्या मागे निऱ्या धरून उभी होती, तीही हसली. त्यानंतर तिच्याकडे चोरून पाहणारे उघड पाहू लागले, आणि थोड्या वेळाने पाहायचे थांबले.

आहेर दोन लाख छप्पन्न हजार आला. पितळेची एक समई आली, ती समयांसाठी नावाजलेल्या नाचियार्कोविलची, जड आणि चांगली; ती काकूंनी ठेवून घेतली. पूर्वीच्या आकड्यांवरून मी एक लाख नव्वद हजारांचा अंदाज धरला होता. बऱ्याच घरांनी त्यांचं देणं होतं त्यापेक्षा जास्त घातलं होतं. जास्तीचं आलेलं आता मला भर घालून परत करायचं आहे. पुढच्या पंधरा वर्षांत होईल. मला ते बरं वाटलं. आत्यांनी दहा हजार घातले होते, त्यांच्या विधवेच्या पेन्शनमधून. त्यांच्याकडे आता एकच कार्य उरलं आहे, नातवाचं लग्न.

पहिली खेप आश्विनात झाली. तीनपैकी एक गर्भ ठेवला. चौदाव्या दिवशी रक्त तपासलं, तो राहिला नव्हता. दुपारी बायको शाळेत गेली, मी दुकानात गेलो. शिल्लक एक लाख छत्तीस हजार होती. मुदतीतले तेरा महिने उरले होते.

त्यानंतर महिन्याभरात आत्यांच्या नातवाचं लग्न आलं. मी बारा हजार घातले, नाव सांगितलं, लिहून घेतलं ते वाचून पाहिलं. जेवताना आत्या बायकोच्या शेजारी येऊन बसल्या आणि मोठ्याने विचारलं, “काय ग, काय झालं?” पंगतीतल्या आजूबाजूच्यांचे हात थांबले.

“एक गेलं,” ती म्हणाली. “दोन आहेत. माघात पुन्हा जाणार.”

आत्यांनी पायसम वाढणाऱ्याला हाक मारली, तिच्या पानावर दोनदा वाढायला लावलं आणि मग आवाज खाली आणून, पण मला ऐकू येईल इतका, म्हणाल्या, “या खेपेला आधी मला सांगू नको. राहिलं की सांग. मी कोणाला सांगणार नाही.”

बायको म्हणाली, “तुम्ही सांगा, आत्या. सांगायलाच तर तुम्हाला सांगते.”