पासपोर्टवर नसलेलं नाव

यजमान गेल्यावर देवावरचा माझा विश्वास डळमळला होता, खोटं कशाला बोलू? फरीदाबादच्या फ्लॅटमध्ये दिवसभरात बोलायला कामवाली तेवढी, तीही हिंदीत. देवापुढे दिवा लावायचे, पण सवयीने. अशात दुबईला नोकरी करणाऱ्या लेकीचा फोन आला, "आई, परवा ऑपरेशन आहे. तू येशील ना?" तिचं तिथे कोणी नाही. एकटीने कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं, तरी निघाले.

दिल्लीच्या विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत उभी होते. देवापुढे उभं राहिलं की आधी आपलं नाव सांगावं, असं आईने लहानपणी शिकवलेलं. लग्नात सासरच्यांनी माझं नाव बदललं, मी शुभदा झाले, पण दत्तगुरूंपुढे कुसुमच राहिले. रांगेतही मनात तेच चाललं होतं, दत्तगुरू, मी कुसुम, मला लेकीपर्यंत पोचवा. तेवढ्यात काउंटरवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "आपका नाम?" आणि मी वेंधळी बोलून गेले, "कुसुम."

"इसमें तो शुभदा लिखा है." मी समजवायला गेले, तर चाळीस वर्षं दिल्लीकडे काढूनही हिंदीचा एक शब्द सुचेना. त्याने मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं. विमानाची वेळ जवळ येत होती. ही बाई कोण, हे सांगणारं त्या अख्ख्या हॉलमध्ये एकही माणूस नव्हतं. इतकं एकटं मला यजमानांच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. शेवटी हात टेकले. मनात म्हटलं, दत्तगुरू, आता तुम्हीच बघा, माझ्याने होत नाही.

थोड्या वेळाने एक वरिष्ठ अधिकारी बाई आल्या. पासपोर्ट चाळून हळूच म्हणाल्या, "माँजी, शादी में नाम बदला था क्या?" मी नुसती मान हलवली. "हम सिंधियों में भी बदलते हैं. मेरी माँ का भी बदला था." त्यांनी फोटो, व्हिसा सगळं नीट ताडून पाहिलं, शिक्का मारला आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. "जाइए, कुसुमजी. बेटी राह देख रही होगी."

आई गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. लेकीबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. कागदात लिहिलेलं असेल, मी वाद घालत नाही. विमानात मात्र पदर तोंडाशी धरून रडले.

लेकीचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं. हल्ली देवापुढे काही मागत नाही. नाव सांगते आणि गप्प उभी राहते. यजमान गेल्यापासून मला वाटायचं, समोर ऐकणारं कोणी नाही.