झाडू ठेवा खाली

"झाडू ठेवा खाली, बाई! पहिले साहेबाला बघू द्या."

वादळ झालं की मुखेडात चाचांचं हे वाक्य गल्लोगल्ली ऐकू यायचं. कुणाच्याही घरात शिरताना ते आधी वर छताकडं बघायचे, मग माणसाकडं. असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. लग्नाला गेलं तरी मांडवाचा बांबू हलवून बघणारं.

एका विमा एजंटाकडं त्यांनी जन्मभर कारकुनी केली. एजंट गेला, दुकान मिटलं, पण चाचांची खोड सुटली नाही. स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून लोकांचे विम्याचे अर्ज भरून द्यायचे. घ्यायचे काय, तर कपभर चहा, तोही बिनसाखरेचा. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे.

एकटी तर मीही. शाळेतून निवृत्त झालेली, नवरा नाही, मुलगा हैदराबादला. त्या वैशाखात वादळानं माझ्या स्वयंपाकघरावरचे पत्रे उडवले आणि शेजारचा लिंब भिंतीवर आडवा झाला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, घराचा विमा आहे. ऑनलाइन अर्ज भर." काय भरते कपाळ! मला साधा ओटीपी वेळेत सापडत नाही. मृग तोंडावर आलेला, आणि पेन्शनीत छत होणार नव्हतं. मी चाचांना गाठलं.

त्यांनी कंपनीला फोन लावला आणि मला बजावलं, "परवा सर्व्हेअर साहेब येतील. तवर कशालाच हात लावू नका."

आता तुम्हीच सांगा, साहेब घरी येणार आणि मी घर तसंच ठेवू? फांद्या ओढून काढल्या, विटांचा चुरा भरला, मोडके पत्रे भंगारवाल्याला दिले, फरशी धुतली. उंबऱ्यापाशी रांगोळीसुद्धा काढली.

आदल्या दिवशी चाचा सहज डोकावले. वर बघितलं, खाली बघितलं आणि मटकन बसले. "या अल्ला! बाई, नुकसान कुठं हाय तुमचं?"

"पाहुणा येणार म्हणून आवरलं हो."

"पाहुणा न्हाई तो, पंचनामा करायला येऊन राहिला!"

मला रडूच कोसळलं. म्हटलं, "कुणाचे तरी मोडके पत्रे आणून टाकू का?"

तसे उसळले. "झूट न्हाई चालायचं. वादळ खरं हाय, तर पुरावा बी खराच पाहिजे."

भर उन्हात सायकल मारत भंगारवाल्याकडं गेले. माझेच पत्रे हुडकून हातगाड्यावर घालून आणले. मग दारोदार विचारत फिरले, "वादळाचा कुणी फोटो काढला का?" समोरच्यांच्या सुनेच्या मोबाईलमध्ये पडलेला लिंब सापडला. तिच्याचकडून पत्र्यांचेही फोटो काढून घेतले, छापून आणले. प्रत्येक फोटोत काय आहे ते त्याच्या मागं लिहायची त्यांची रीत होती.

सर्व्हेअर आला तेव्हा चाचांनी आपणहून सांगितलं, "बाईनं झाडलं, साहेब, चूक झाली. पण पत्रे यांचेच. वासा बघा, खिळ्यांची भोकं जुळतात." साहेबानं जुळवून बघितलं. दावा मंजूर झाला आणि मृगाच्या आत नवं छत बसलं.

पुढं चाचा दर शुक्रवारी नमाजानंतर "छत बघायला" येऊ लागले. नव्या छताला काय होणार होतं? पण मी चहा ठेवायची, ते वर बघत बसायचे. एकदा म्हणाले, "लई शांत हाय तुमचं घर. माझ्या खोलीसारखंच." मी त्यांचा कप पुन्हा भरला. त्यानंतर शुक्रवारची मी सकाळपासून वाट बघायची.

यंदा महिनाभर मुलाकडं राहून आले, तर चाचा गेलेले. मला कुणी कळवलं नाही. कळवणार कशाला, मी त्यांची कोण? धावत खोलीवर गेले. घरमालकीण दारात झाडू घेऊन उभी होती.

"सगळं साफ केलं बघा, बाई. उद्या दुसरं बिऱ्हाड येऊन राहिलंय."

फरशी अजून ओली होती. चष्मा नाही, अर्जांचा गठ्ठा नाही, भिंतीवरचा खिळासुद्धा उपटलेला. झाडू ठेवा खाली, असं ओरडावंसं वाटलं. पण आता बघायला उरलं काय होतं?

घरी आले आणि विम्याची फाईल काढली. एका फोटोत माझ्या उघड्या स्वयंपाकघरात चाचा मोडका पत्रा धरून उभे आहेत. मान वर, जिथं छत नाही तिकडं. त्यांचा एवढाच फोटो माझ्याकडं आहे. उलटा करून बघितला. मागं त्यांच्याच अक्षरात एक शब्द होता: नुकसान.