शहाण्या वाचकाला सांगायला नको

परतूरला आमचं कापडाचं दुकान आहे. शेजारी एका टेलरचं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो आमच्याकडं येऊन बसायचा, आमचे यजमान चहा मागवायचे आणि तो "धंदा बिलकुल ठंडा हाय" म्हणत सगळ्या बाजाराच्या नावानं कुरकुर करायचा. कित्येक वर्षं असंच चाललेलं.

मग कुणीतरी यजमानांना यशस्वी कसं व्हावं, याचं एक पुस्तक दिलं. त्यानंतर हळूहळू त्यांनी टेलरला चहा विचारणं बंद केलं. मी कारण विचारलं.

"विषारी माणूस हाय तो. सारखं रडगाणं. अशा लोकांपासून लांब राहावं लागतं."

इतकी वर्षं तो नुसता रडका होता, विषारी कधी झाला हे मला कळेना. म्हणून मीच ते पुस्तक वाचायला घेतलं, शाळेत शिकवून दमून आल्यावर, भाजी शिजेस्तोवर. त्यात कारणं फारशी नव्हतीच. मित्र तोडणं हा 'धाडसी निर्णय', त्याला धरून राहणं ही 'सामान्य माणसाची सवय'. आणि अधूनमधून, 'शहाण्या वाचकाला हे सांगायला नको'. बरीच पानं मीही मान डोलवत गेले. स्वतःला सामान्य म्हणवून घ्यायला कुणाला आवडतं?

यजमानांना म्हटलं, "अहो, ह्यात नुसती नावं ठेवलीत. पटवून कुठं दिलंय?"

"तू नकारात्मक विचार करून राह्यली," ते म्हणाले. हाही शब्द पुस्तकातलाच. मी स्वयंपाकाला लागले.

एकदा टेलर माझा शिवलेला ब्लाउज द्यायला घरी आला. दारातच थांबला.

"भाभी, माझं काही चुकलं का?"

"न्हाई हो भाईजान. ते पुस्तक वाचून राह्यलेत. यशाचं."

"मंग बराबर हाय," तो हसला. "यश आपल्याकडं कुठं?"

दिवाळीनंतर तो मशीन घेऊन लेकाकडं जालन्याला गेला. आमचं दुकान होतं तसंच राहिलं. पुस्तक कुणीतरी वाचायला नेलं, यजमानांनी ते परत मागितलंही नाही.

परवा जेवताना ते म्हणाले, "टेलरला फोन करावा का?"

"करा की."

"पण बोलू काय?"

मीच नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. रिंग वाजून वाजून बंद झाली.

"कामात असंल," ते म्हणाले.

"असंल," म्हणून मी ताटं उचलली.