जोडीचं पुस्तक

रूबेनकाका गेल्याचं मला रोह्याला, कंपनीच्या गेटवर कळलं. सकाळची शिफ्ट संपवून बाहेर पडत होतो. गडब गावचा एक सोबती म्हणाला, "तुमच्या पेणचे ते वाचनालयवाले काका काल गेले ना? तुला ठाव नाय?" नव्हतं ठाऊक. एसटीने पेणला पोचलो तोवर दफनही होऊन गेलं होतं. काका बेने इस्राएली ज्यू, त्यांच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. गावात तेवढे उरले नाहीत, म्हणून काही जण पनवेलहून, अलिबागहून धावत आले होते. आणि मी, त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर राहणारा, दोन वर्षं त्या दाराशी फिरकलो नव्हतो...

काकांचे भाऊ, पुतणे सगळे इस्राएलला गेले. हे मागे राहिले. का, विचारलं तर म्हणायचे, "तिथे मराठी पुस्तकं कोण देईल रे मला?" वाचनालयात त्यांनी एक रीत पाडली होती. तुम्ही मागाल ते पुस्तक द्यायचे, पण सोबत दुसरं एक, त्यांच्या पसंतीचं, अगदी वेगळ्या जातीचं. त्याला ते जोडीचं पुस्तक म्हणत. कथा-कादंबरी नेणाऱ्या बायकांना प्रवासवर्णन, पोथ्या वाचणाऱ्या आजोबांना पक्ष्यांवरचं पुस्तक. जोडीच्या पुस्तकात मधोमध कडुलिंबाचं एक वाळकं पान असे. कीड लागू नये म्हणून, असं ते सांगत.

मी फक्त रहस्यकथा वाचायचो. काका चिडवायचे, "तुझ्या ताटात रोज खूनच रे अनंता. कधी भाजी, कोशिंबीर वाढून घे की." मी हसून जोडीचं पुस्तक पिशवीत टाकायचो आणि पुढच्या रविवारी न उघडता परत करायचो. पहिल्यांदा त्यांनी "कसं वाटलं?" विचारलं तेव्हा भिडेपोटी "छान होतं" म्हणालो. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मग मला खरं बोलवेना. पुढे पुढे मी मलपृष्ठावरचा मजकूर एसटीत वाचून ठेवू लागलो. तेवढ्यावर दोन वाक्यं सहज बोलता येतात. तीन वर्षं मी त्यांना असा फसवत होतो.

मग तक्रारी सुरू झाल्या. नको ती पुस्तकं गळ्यात मारतात, असं काही सभासदांचं म्हणणं होतं. जोडीचं पुस्तक चालू ठेवायचं की बंद करायचं, हे वार्षिक सभेत ठरणार होतं. आठ दिवस आधी काकांनी माझ्या हातात एका सुईणीचं आत्मचरित्र ठेवलं. म्हणाले, "अनंता, सभेत या पुस्तकावर दोन शब्द बोल. कंपनीत शिफ्ट करणारा, खुनांपलीकडे न गेलेला माणूस हे वाचतो, असं लोकांना कळू दे. एवढं एक नीट वाच हां." मी "व्हय काका" म्हणालो. आठ दिवस होते हातात. पुस्तक कपाटावर पडून राहिलं. कंटाळा, दुसरं काही नाही.

सभेत मी उभा राहिलो आणि पाठ केलेली दोन वाक्यं बोललो. अध्यक्षांनी सहज विचारलं, "बरं, शेवट काय आहे हो?" माझ्या डोक्यात कादंबऱ्याच. मी म्हणालो, "शेवटी ती मरते. फार वाईट वाटतं." मग मागून कुणीतरी बोललं, "अहो, आत्मचरित्र ना ते? मग लिहिलं कोणी, तिच्या भुताने?" सगळी सभा हसली. काका तेवढे हसले नाहीत. जोडीचं पुस्तक बंद करण्याचा ठराव पाच मिनिटांत झाला. बाहेर पडताना काकांनी खांद्यावर हात ठेवला. "शिफ्टवरून आला होतास. दमला असशील." एवढंच. त्यानंतर टेबलावर एकेकच पुस्तक येऊ लागलं, असं लोक सांगायचे. मी पाहायला गेलो नाही. ते आत्मचरित्रही माझ्याकडेच राहिलं. त्यांनी कधी मागितलं नाही.

दफनानंतर आठवड्याने ते घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी उघडलं. कडुलिंबाचं पान मधोमध, जसंच्या तसं अखंड. त्या म्हणाल्या, "पुस्तक वाचलं की हे चुरतं. तुझ्याकडून एकदापण चुरलेलं आलं नाय." मी विचारलं, "काकांना ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. म्हणायचे, घरी नेतोय ना, कधीतरी हात लागेल."

"मग सभेत मलाच का उभं केलं?"

"म्हणाले, या वेळी सांगून दिलंय, वाचेल तो." त्यांनी पुस्तक मिटून मला परत दिलं. "वाचून आण."

गेले पंधरा दिवस, शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत, मी ते वाचलं. नवं काही वाचायचं म्हणजे काय, हे मला चाळिशी उलटल्यावर, माणूस गेल्यावर कळावं... तुमच्या घरी असं कुणी दिलेलं, न उघडलेलं पुस्तक असेल, तर देणारा आहे तोवर उघडा. ज्यांना शेवट सांगायचा, ते आता नाहीत. शेवटी ती मरत नाही, काका. दारात कुणीतरी हाक मारतं, ती लुगड्याला हात पुसते आणि निघते. पुस्तक अजून काकूंना दिलेलं नाही. मधल्या दोन पानांवर हिरवट चुरा पडलाय. तो झटकायला हात होत नाही.